अणू आहेत, हे कशावरून?

माझी मामेबहीण आठवीत आहे. विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या रात्री तिचा मेसेज आला : "दादा, अणू असतात हे कशावरून?" मी डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर अशी मालगाडी टाईप करायला घेतली. तिचं उत्तर लगेच : "ते पुस्तकात आहे. ती अणूची चित्रं आहेत. अणू आहे हे कशावरून?"

माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, कोड लिहून पोट भरतो, आणि मला उत्तर देता आलं नाही. "हे पेपरला येणार नाही, झोप" असं लिहून मी सटकलो. मग लाज वाटली. त्या लाजेपोटी जे पुस्तक वाचलं, त्याबद्दल हे लिहितोय.

पुस्तक आहे झां पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाचं ‘लेझातोम’, म्हणजे ‘अणू’. १९१३ सालचं. १९१६ साली आलेल्या इंग्रजी अनुवादाचं स्कॅन इंटरनेटवर मिळतं, मी ते लोकलमध्ये फोनवर वाचलं. स्कॅन डोळ्यांना त्रास देतं, सुरुवातीचं रसायनशास्त्र संथ आहे, आणि समीकरणं बोटांनी मोठी करून बघावी लागतात. तरी वाचा.

आपल्याला अणूची गोष्ट चित्रांच्या अल्बमसारखी सांगतात. आधी टणक गोळी, मग त्यात मनुके खोचलेली मिठाई, मग सूर्यमाला. प्रत्येक पानावर आधीचं चित्र चुकीचं ठरतं. (व्हॉट्सअ‍ॅपवर या अल्बमच्या पहिल्या पानावर कणाद ऋषी असतात. कणादांचा विचार खोल आहे, पण ‘एका थेंबात किती कण?’ हा त्यांचा प्रश्नच नव्हता.) या अल्बमात एक विचित्र गोष्ट लपून जाते. थॉमसननं इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये. आणि त्यानंतर दहा वर्षं विल्हेल्म ऑस्टवाल्डसारखा नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ म्हणत होता की अणू ही फक्त हिशेबाची सोय आहे. म्हणजे पुस्तकातल्या दुसऱ्या चित्रापर्यंत आपण पोचलो, तेव्हा पहिल्याचंच भांडण मिटलेलं नव्हतं.

ऑस्टवाल्ड खुळा नव्हता. डाल्टननं १८०८ मध्ये अणुसिद्धांत पुस्तकरूपात मांडला, पण पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरून. कारण काय, तर तेच सगळ्यात सोपं. अ‍ॅव्होगॅड्रोनं १८११ मध्ये अणू आणि रेणू वेगळे करून दाखवले, आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८६० च्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोनं त्याची बाजू मांडली तेव्हा अ‍ॅव्होगॅड्रोला जाऊन चार वर्षं झाली होती. हा गोंधळ समजण्यासारखा आहे. आपल्याकडे आजही मराठी पुस्तकातला ‘अणू’ हिंदी पुस्तकात ‘परमाणु’ होतो, आणि आपला ‘रेणू’ तिकडे ‘अणु’. तर इतकी वर्षं रसायनशास्त्र फक्त गुणोत्तरांवर चाललं. हायड्रोजनच्या सोळापट ऑक्सिजन, एवढं कळलं की काम होतं. एका अणूचं वजन किती, हे कुणाला मोजता येत नव्हतं. मग जे मोजता येत नाही ते आहे असं का मानायचं? हा रास्त आक्षेप होता.

पेरँ या आक्षेपाला भिडतो, आणि ते ज्या पद्धतीनं, तो या पुस्तकाचा गाभा आहे.

त्यानं गँबोज घेतला. हा झाडाचा पिवळा चीक, वाळवलेला; चित्रकार रंगासाठी वापरत. (झाड आपल्या कोकमाचं भाऊबंद आहे, दोन्ही गार्सिनिया. हे कळल्यावर मला उगाच घरचं वाटलं.) पाण्यात चोळला की त्याचे बारीक गोल दाणे होतात. सगळे सारख्या आकाराचे हवेत म्हणून तो ते सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून वेगळे करत राहिला. एक किलो गँबोजपासून काही महिन्यांनी हवे तसे दाणे मिळाले ते काही डेसिग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर.

आता कल्पना. हवा वर जाऊ तशी विरळ होते. गुरुत्वाकर्षण रेणूंना खाली ओढतं, उष्णता त्यांना उधळते. शून्य अंश तापमानाचा ऑक्सिजन साधारण ५ किलोमीटर वर गेल्यावर निम्मा होतो. कण जितका जड, तितक्या कमी उंचीवर तो निम्मा होणार. पाण्यातले दाणे जर खरंच अवाढव्य रेणूंसारखे वागत असतील, तर तेही वर वर विरळ होत जायला हवेत, फक्त केसाच्या जाडीइतक्या उंचीत. आणि दाण्याचं वजन काढता येतं. मग त्रैराशिक मांडायचं.

मोजणीत अडचण अशी की दाणे थांबत नाहीत. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउननं पाहिलेली तीच वळवळ. पेरँनं सूक्ष्मदर्शकाच्या भिंगापाशी सुईनं भोक पाडलेला पत्रा बसवला, म्हणजे एका वेळी चार-पाचच दाणे दिसतील. ठरावीक वेळानं क्षणभर बघायचं आणि आकडा लिहायचा. तीन. दोन. शून्य. तीन. एका मालिकेत असे सुमारे १३,००० दाणे मोजले. तळापासून ५, ३५, ६५ आणि ९५ मायक्रॉन उंचीवर त्यांचं प्रमाण आलं १००, ४७, २२.६ आणि १२. दर ३० मायक्रॉनला जवळपास निम्मे.

५ किलोमीटर भागिले ३० मायक्रॉन म्हणजे १६ ते १७ कोटी. पाण्याचं प्लावक बल वजा करून दाण्याचं जे वजन उरतं, ते ऑक्सिजनच्या रेणूच्या इतके पट. झालं, एका रेणूचं वजन हातात आलं.

एवढ्यावर कुणी शहाणा माणूस विश्वास ठेवणार नाही. एका लॉगवरून बग सापडला असं मी म्हटलं तर आमची टीमलीडसुद्धा हसेल. पेरँलाही ते कळतं, म्हणून तो दाण्याची त्रिज्यासुद्धा वेगवेगळ्या रीतींनी काढतो. दाणे किती वेगानं खाली बसतात त्यावरून, आणि थेंब सुकताना ते रांगेत चिकटतात त्या रांगेची लांबी मोजून. आणि शेवटी येतो तो तक्ता. एका मोलमध्ये किती रेणू? वायूची श्यानता, दाण्यांची वळवळ (आइन्स्टाइनचं १९०५ चं सूत्र), आकाशाचा निळेपणा, तापलेल्या वस्तूचा प्रकाश, रेडियममधून सुटणारा हेलियम, अशा डझनाहून अधिक वाटांनी आकडा येतो साधारण ६० ते ७५, पुढे बावीस शून्यं. निळ्या आकाशाचा आणि रेडियमचा एकमेकांशी काय संबंध? अणू असतील तरच काही असू शकतो.

पुस्तकात खोट नाही असं नाही. ६० आणि ७५ यांत पाव हिश्शाचा फरक आहे, आणि पेरँ तो आनंदानं पचवतो. त्याचा स्वतःचा लाडका आकडा ६८.२ आजच्या ६०.२ पेक्षा सुमारे १३ टक्के जास्त आहे. शिवाय सगळ्या वाटा तो भासवतो तितक्या परक्या नाहीत; काहींच्या तळाशी गतिज सिद्धांताची तीच गृहीतकं आहेत. विरोधकांच्या पद्धतीला प्रस्तावनेत मान आहे, पण पुढे त्यांना बोलायला जागा फारशी नाही. पण अणू नसते तर हे आकडे टक्क्यांनी चुकले नसते, कित्येक शून्यांनी चुकले असते. १३ टक्के मला चालतात.

ऑस्टवाल्डनं १९०८-०९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत अणू मान्य केले. माख मात्र शेवटपर्यंत वळला नाही. बोल्ट्समान १९०६ मध्येच गेला होता. त्याच्या आत्महत्येचं खापर अणूविरोधकांवर फोडणारी गोष्ट यूट्यूबवर फार चालते. तो बराच काळ आजारी होता, हे त्यात येत नाही. पेरँच्या पुस्तकात असा मेलोड्रामा नाही. त्यात माणूस मोजत बसलेला आहे.

मागच्या रविवारी बहिणीला मी फक्त चार आकडे आणि चार उंच्या पाठवल्या. तिनं वहीत आलेख काढून फोटो पाठवला. मग विचारलं, "तेरा हजार? दादा, हे त्यानं एकट्यानं मोजले?"