तुडतुड्यांचे वर्गीकरण : डिस्टंट यांच्या ग्रंथाचे पुनर्परीक्षण

शेतकऱ्याच्या बोलीत 'तुडतुडा' हा एकच शब्द आहे. वऱ्हाडात कपाशीच्या पानाखाली तिरपा चालणारा हिरवट कीटक तुडतुडाच. कोकणात आंब्याच्या मोहोरावर दाटीने बसणारा पाचरीच्या आकाराचा करडा कीटकही तुडतुडाच. आणि भाताच्या बुंध्याशी रस शोषणारा तपकिरी कीटकही तुडतुडाच. यांपैकी शेवटचा तर निराळ्या कुलातील आहे. त्याच्या मागील नडगीच्या टोकाशी एक हलणारी आर असते; खऱ्या तुडतुड्यांच्या, म्हणजे सिकॅडेलिडी कुलातील कीटकांच्या नडगीवर मात्र काट्यांच्या ओळी असतात. व्यवहाराला एक शब्द पुरतो, शास्त्राला तो पुरत नाही. कारण या एका कुलातच आजवर वीस हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे आणि त्यांतील कोणती जात कोणत्या पिकावर कोणता अपाय करते, हे नाव निश्चित झाल्याखेरीज सांगता येत नाही.

भारत, सिलोन व ब्रह्मदेश या प्रदेशांतील तुडतुड्यांचा विस्तृत आढावा विल्यम लुकास डिस्टंट (१८४५–१९२२) यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेच्या 'ऱ्हिंकोटा' विभागात घेतला. या विभागाचे सात खंड १९०२ ते १९१८ या काळात प्रसिद्ध झाले. तुडतुड्यांचे विवेचन मुख्यतः १९०८ च्या चौथ्या खंडात असून त्याची पुरवणी १९१८ च्या सातव्या खंडात आहे. ग्रंथ जुना झाला. परंतु त्यात दिलेली अनेक नावे आजही वापरात आहेत. म्हणून त्याचे परीक्षण हे केवळ इतिहासाचे काम राहत नाही.

या ग्रंथाचा पहिला गुण त्याच्या आवाक्यात आहे. निरनिराळ्या देशांतील नियतकालिकांत विखुरलेली वर्णने डिस्टंट यांनी एका ठिकाणी आणली, प्रजातींची ओळख करून देणारी मांडणी केली आणि वर्णनांना आकृत्यांची जोड दिली. भारतात या कीटकांवर काम करू इच्छिणाऱ्याला त्यामुळे प्रथमच हाताशी धरता येईल असे साधन मिळाले. पुढील पिढीने त्यांच्यावर जी टीका केली, तीही याच साधनाच्या आधारे करता आली, ही गोष्ट विसरता कामा नये.

दोष आहे तो पद्धतीत. डिस्टंट यांचे वर्णन रंग, ठिपके, माथ्याची लांबी-रुंदी आणि पंखांची ठेवण यांवर उभे आहे. तुडतुड्यांच्या बाबतीत हा पाया फार कच्चा ठरतो. ताज्या कीटकाचा हिरवा रंग वाळलेल्या नमुन्यात पिवळट होतो. एकाच जातीच्या नर-मादीत काळ्या खुणा कमीअधिक असतात. आणि उलट, दोन भिन्न जाती डोळ्यांना सर्वस्वी सारख्या दिसू शकतात. रंग सर्वत्र फसवतोच असे नाही. लेथिएरी यांनी १८८९ मध्ये सहारनपूर येथील आंब्यावरील नमुन्यांवरून वर्णिलेल्या तीन जाती माथ्यावरील व पाठीच्या त्रिकोणी भागावरील ठिपक्यांवरून बागेतही ओळखता येतात. परंतु जेथे असे ठिपके विश्वसनीय नाहीत, तेथे केवळ बाह्यवर्णनावर दिलेले नाव हे ओळख न ठरता अंदाज ठरते.

या दोषाचे परिणाम किती दूर पोहोचतात, हे भातावरील हिरव्या तुडतुड्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९०८ च्या खंडात डिस्टंट यांनी एका जातीला 'व्हिरेसेन्स' हे नाव दिले. पण तिला घातले 'सेलेनोसेफॅलस' या प्रजातीत. वस्तुतः ती मात्सुमुरा यांनी १९०२ मध्ये स्थापिलेल्या 'नेफोटेटिक्स' या प्रजातीची होती. चुकीच्या घरात ठेवलेली वस्तू शोधणाऱ्याला सापडत नाही, तसेच येथे घडले. भातकिडीच्या अभ्यासकांनी 'नेफोटेटिक्स' मधली नावे पाहिली. 'व्हिरेसेन्स' त्यांच्या दृष्टीस पडले नाही. भारतीय लेखनात दीर्घकाळ 'बायपंक्टॅटस' व 'एपिकॅलिस' ही नावे चालत राहिली. १९६४ मध्ये जपानी अभ्यासक इशिहारा यांनी या प्रजातीचा आढावा घेताना त्याच कीटकाला 'इंपिक्टिसेप्स' असे नवे नाव दिले. माथ्यावर काळा पट्टा नाही, हे त्या नावातच सुचविलेले आहे.

नेमक्या याच सुमारास फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तुंग्रो या रोगाचा उलगडा होत होता. रोपे खुजी करणारा, पाने पिवळी-नारिंगी करणारा हा विषाणुजन्य रोग हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरतो, हे सिद्ध झाले. आता प्रश्न केवळ संग्रहालयाचा राहिला नाही. माथ्यावर पट्टा नसलेली जात हा रोग सर्वाधिक कार्यक्षमतेने वाहून नेते. पट्टा असलेली, आज 'नायग्रोपिक्टस' म्हणून ओळखली जाणारी जात त्या मानाने फारच कमी. दोघीही हिरव्या, दोघींच्या नरांच्या पंखांची टोके काळी, दोघीही एकाच शेतात. अशा स्थितीत 'बायपंक्टॅटस' या जुन्या नावाखाली नोंदविलेली निरीक्षणे कोणत्या जातीची मानावयाची? ज्याने प्रयोगातील कीटक जपून ठेवले, त्याच्या निष्कर्षांचा अर्थ आजही लावता येतो. ज्याने केवळ नाव लिहिले, त्याचे श्रम संशयात अडकले.

हा गुंता १९७१ मध्ये सुटला. लंडन येथे काम करणारे घौरी यांनी 'नेफोटेटिक्स' प्रजातीचे पुनर्निरीक्षण वर्णनांवर न विसंबता मूळ नमुन्यांवरून केले. इशिहारा यांचा 'इंपिक्टिसेप्स' आणि डिस्टंट यांचा 'व्हिरेसेन्स' एकच असल्याचे त्यांनी दाखविले. अग्रहक्काच्या नियमानुसार १९०८ चे नाव प्रस्थापित झाले आणि 'नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स' हे आजचे रूप सिद्ध झाले. येथे एक मार्मिक गोष्ट ध्यानात येते. डिस्टंट यांच्या शब्दांनी जे साधले नव्हते, ते त्यांनी जपलेल्या नमुन्याने साधले. वर्णन अपुरे होते, प्रजाती चुकली होती. पण टाचणीवरचा कीटक संग्रहालयात शाबूत होता आणि त्याला पुन्हा प्रश्न विचारता आला.

कपाशीवरील तुडतुड्याची कथा याच जातीची आहे. १९१८ च्या खंडात डिस्टंट यांनी त्याला 'एम्पोआस्का डेव्हास्टान्स' असे नाव दिले. पाने कडांनी वळणे, पिवळी पडून पुढे लालसर होणे व झाड खुरटणे हे त्याचे उपद्रव लक्षात घेता 'विध्वंसक' हे विशेषण समर्पकच होते. त्या नावाने भारतात अर्धशतकभर विपुल लेखन झाले. लवयुक्त पानांच्या कपाशीवर या किडीचा उपद्रव कमी होतो, ही महत्त्वाची माहितीही त्या लेखनात आहे. परंतु इशिदा यांनी १९१३ मध्येच 'बायगट्युला' या नावाने पूर्व आशियातील त्याच कीटकाचे वर्णन केले होते. आज 'अम्रास्का बायगट्युला' हे नाव ग्राह्य धरले जाते. हा कीटक २०२३ मध्ये पोर्तो रिकोत आणि २०२४ मध्ये फ्लॉरिडात आढळला, तेव्हा तेथील अभ्यासकाला भारतातील पूर्वानुभव हवा असल्यास तो 'डेव्हास्टान्स' या टाकून दिलेल्या नावाखाली शोधावा लागतो. पर्यायनामांची यादी रूक्ष वाटते खरी. पण ज्ञानाच्या दोन कोठारांमधला तोच एक दरवाजा आहे.

डिस्टंट यांच्यानंतर भारतात या विषयाला नवे वळण दिले ते हेमसिंग प्रुथी यांनी. १९२५ मध्ये त्यांनी या गणातील नरांच्या जननांगांच्या रचनेवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९३० पासून 'इंडियन म्युझियम'च्या प्रबंधमालेत भारतीय तुडतुड्यांचा अभ्यास मांडताना ही दृष्टी उपयोगात आणली. नराच्या उदराचे टोक दाहक पोटॅशच्या द्रावात मऊ करून ग्लिसरीनमध्ये तपासले, म्हणजे मैथुनांगाचा आकार, त्यावरील काट्यांची संख्या व स्थान स्पष्ट दिसते. ही लक्षणे रंगाइतकी चंचल नसतात. एकाच हिरव्या रंगाखाली दडलेल्या अनेक जाती या पद्धतीने वेगळ्या झाल्या. तुडतुड्यांच्या विविधतेची खरी कल्पना तिच्यामुळेच आली.

तथापि नव्या पद्धतीलाही सर्वज्ञतेचा मान देणे योग्य नव्हे. ती नरापुरती चालते. मादी व पिले तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि शेतात पिकाचा रस शोषणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा असतो. जनुकद्रव्याच्या तुलनेने ही उणीव अलीकडे बरीच भरून निघाली आहे. पण जनुकद्रव्याचा क्रम ज्या नावाशी जोडावयाचा, ते नाव मूळ नमुन्यावर तपासलेले नसेल तर जुनी चूक नव्या भाषेत लिहिली जाते, एवढाच फरक पडतो.

तेव्हा डिस्टंट यांच्या ग्रंथाविषयी न्याय्य निर्णय कोणता? वर्गीकरण म्हणून तो अपुरा आहे आणि त्याच्या आधारे आज कोणी जातीची ओळख पटवू नये. पण साक्ष म्हणून तो टिकला आहे; कारण त्यातील विधानांमागे तपासता येणारा पुरावा ठेवलेला होता. वर्गीकरणाच्या ग्रंथाची योग्यता त्यात नव्या जाती किती आहेत यावर ठरत नाही. त्यातील प्रत्येक नाव दुसऱ्याला पुन्हा तपासता येते की नाही, यावर ठरते. या कसोटीवर अनेक आधुनिक प्रबंधही कमी पडतील. कीटकनाशकाचा प्रयोग होतो, वाणांची तुलना होते, तक्ते छापले जातात. आणि ज्या तुडतुड्यांवर हे सारे उभे असते, त्यांची एक कुपीही मागे राहत नाही. उद्या नाव बदलले तर त्या तक्त्यांचा अर्थ कोण सांगणार? शंभर वर्षांपूर्वीच्या एका चुकलेल्या ग्रंथाने जो पुरावा जपला, तो आजच्या अचूक म्हणविणाऱ्या प्रबंधाने टाकून देऊ नये, एवढा धडा तरी या परीक्षणातून घ्यावयास हवा.