निळ्या खनिजाची उतरंड

कल्पनारम्य खेळांत जादूगार म्हणजे दाढीवाला सल्लागार आणि चिलखती योद्धा म्हणजे त्याचा सोबती, ही जोडी ठरलेली. बायोवेअरच्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने (२००९) ती मोडली. इथे योद्धा हा जादूगाराचा पहारेकरी आहे, आणि वेळ आली तर जल्लादही.

या जगातल्या फेरेल्डन देशात मुलात जादू दिसली की त्याला तळ्यातल्या मनोऱ्यात नेऊन ठेवतात. वारसाहक्क संपला. पळालाच तर माग काढता यावा म्हणून त्याच्या रक्ताची कुपी भरून ठेवतात. पुढे परीक्षा: स्वप्नलोकात शिरून पिशाच्चाला तोंड द्यायचं. तो हरला तर मारायला टेम्प्लर, म्हणजे धर्मपीठाचे योद्धे, तलवार घेऊन उभेच. नायिका जादूगार घेतली, तर कलन नावाचा कोवळा टेम्प्लर परीक्षेनंतर तिच्याशी बोलताना अडखळतो. जीव तिच्यावर जडलेला, आणि घाव घालायचं काम नेमकं त्यालाच दिलेलं. दोन-चार वाक्यांचा संवाद, पण अख्खी व्यवस्था त्यात उभी राहते.

खरी कारागिरी मात्र लिरियममध्ये आहे. हे निळं, झळाळतं खनिज ड्वार्फ लोक खणतात. त्यांना जादू येत नाही, जाती आहेत. सरदार, योद्धे, लोहार, खाणकरी, नोकर, आणि सगळ्यांखाली जातच नसलेले, ज्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच खूण डागतात. (या यादीला मराठी वाचकासाठी टीप नको.) तेच लिरियम जादूगार पितो शक्ती भरून काढायला, आणि टेम्प्लर पितो ती शक्ती मोडायला. टेम्प्लरला त्याचं व्यसन लागतं, पुरवठा धर्मपीठाच्या हातात. राखणदारही बांधलेलाच.

मग ॲलिस्टर भेटतो. टेम्प्लरचं शिक्षण घेतलेला, शपथ न घेतलेला. आपला नायक योद्धा असेल तर तो त्याला ती विद्या शिकवतो, आणि ती लिरियमच्या थेंबाशिवाय चालते! निदान या भागात तरी, लिरियम लागतंच हा धर्मपीठाचा दावा कोणी भाषणातून खोडत नाही. खेळाडू तो स्वतः बटणं दाबून खोडतो. कादंबरीला हे साधणार नाही.

ओवेन डोक्यातून जात नाही. विधी करून जादूबरोबर भावनाही काढून घेतलेला, कपाळावर सूर्य डागलेला कोठारातला माणूस. मनोऱ्यात पिशाच्चं माजलेली असताना हा शांतपणे कोठार आवरतो.

२०११च्या दुसऱ्या भागानं जादूगार आणि टेम्प्लर यांच्यातला हा तोल घालवला. आपण जादूगारांच्या बाजूनं लढलो, तरी त्यांचा प्रमुख ओर्सिनो शेवटी निषिद्ध रक्तजादू करून स्वतःच राक्षस होतो. शेवटाला आणखी एक झुंज हवी होती, एवढंच त्याचं कारण दिसतं. जादूगार शेवटी रक्तजादूकडेच वळतात हा टेम्प्लरांचा जो आरोप, तोच खेळानं खरा करून दाखवला.

म्हणून पहिलाच भाग खेळा. योद्धा घेऊन सुरुवात करू नका. आधी जादूगार घ्या, नंतर जात नसलेला ड्वार्फ.