उरले तेच अभिजात?

भारतीय पडद्यावरच्या वास्तववादाचा उगम शोधताना बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’चे नाव हमखास निघते. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा १९२५ चा हा मूकपट. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी, त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम, आणि अखेर शहरातली गिरणी. त्यातल्या एका दृश्याचा उल्लेख तर कुठेही सापडतो: अंधारात बुडालेली उदास झोपडी आणि भेसूर रडणारे कुत्रे. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी ते आपल्या आठवणीतून नोंदवले आणि तेव्हापासून ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत आले आहे. अडचण एवढीच, की तो मूकपट आज कुठेच नाही. झोपडी आणि कुत्रे एकाच चौकटीत होते, की दोन तुकडे कापून शेजारी जोडले होते? प्रश्न किरकोळ नाही. चौकट एकच असेल, तर पेंटर प्रकाशाने चित्र रचणारे चित्रकार ठरतात. तुकडे जोडलेले असतील, तर आयझेन्स्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ ज्या वर्षी तयार झाला त्याच वर्षी कोल्हापुरातला एक माणूसही संकलनातून अर्थ घडवत होता, असे म्हणावे लागेल. हे दोन कलावंत अगदी वेगळे आहेत. यातले आपले बाबूराव कोणते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत नशीब थोडे बरे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच हाती आहेत, आणि तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे आपण ज्याला आद्य चित्रपट म्हणून हार घालतो, त्याची एक तरी चौकट आपल्याकडे आहे का, इथपासून वाद. उलट ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा टिकला, आणि त्याने फाळक्यांविषयीचे मत बदलायला लावले. चित्रपट सुरू होतो तो कृष्णापासून नव्हे, तर फाळक्यांच्या मुलीपासून. लहानगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. ही नटी, हा तिचा अभिनय, आता देव पाहा, असे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकणारा हा दिग्दर्शक केवळ भाबडा पौराणिक चमत्कारवाला नव्हता. ही रिळे गेली असती, तर ‘ट्रिक सीनवाले फाळके’ हे एका ओळीचे वर्णन आपण पुढची शंभर वर्षे गिरवत राहिलो असतो. पेंटरांच्या वाट्याला नेमकी तशी एक ओळ आली आहे.

भारतात मूकपटाच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. उरले तीसेक, त्यांतलेही पुष्कळसे तुकड्यांत. हा आकडा हळहळ व्यक्त करताना नेहमी सांगितला जातो. माझे म्हणणे निराळे आहे: हा आकडा समीक्षेचा आहे. जे उरले ते चांगले होते म्हणून उरले नाही. एखाद्या घराच्या माळ्यावर डबे पडून राहिले, एखाद्याने ते भंगारात घातले नाहीत, म्हणून उरले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची गत सांगतात ती अशी, की फिल्मवरच्या लेपातली चांदी काढण्यासाठी रिळे विकली गेली. त्या काळच्या व्यवहारात यात काही वावगे नव्हते; खेळ संपला की रिळाला चांदीइतकीच किंमत. पण अशा चाळणीतून खाली जे पडले, त्यालाच आपण परंपरा म्हणतो, त्यातूनच अभिजात निवडतो आणि त्या निवडीवर सिद्धान्त मांडतो. मराठी चित्रपटाची परंपरा संतपट आणि पौराणिकपटांची, हे विधान कितपत त्या काळाविषयी आहे आणि कितपत शिल्लक डब्यांविषयी, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर मला कोणत्याही समीक्षकाइतके महत्त्वाचे वाटतात. संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, पुढच्याच वर्षी नायर तिथे आले आणि १९९१ मध्ये संचालक म्हणून निवृत्त झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळे त्यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडून मिळवली. त्यांचा आग्रह असा, की जतन करणाऱ्याने आवडनिवड करू नये. यावर आक्षेप ठरलेला आहे: देशात भाषाभाषांतून एवढे चित्रपट निघतात, त्यातला निम्मा तरी कचरा, तो सरकारी खर्चाने थंड खोलीत का ठेवायचा? आधी अभिजात वाचवा, बाकीचे नंतर बघू. ऐकायला हे व्यवहारी वाटते. पण निवड करणारी समिती आजच्या अभिरुचीची असणार. स्टंटपट, तमाशापट, द्वयर्थी संवादांचे विनोदी चित्रपट यांना तिच्या यादीत शेवटची जागा मिळणार, आणि फिल्म तोवर वाट पाहत नाही. दादा कोंडके यांना प्रतिष्ठित समीक्षेने आपल्या काळात किती गंभीरपणे घेतले? आज लोकनाट्याचा आणि मराठी प्रेक्षकाचा अभ्यास त्यांना वगळून होत नाही.

फिल्म वाट पाहत नाही, हे शब्दशः खरे आहे. १९५० च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म पेटली की हवा तोडूनही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्याच जागेतल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातचा मूळ ठेवा त्यात गेला. अनेक चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच काढलेल्या होत्या, म्हणून ते आज बघता तरी येतात. पण बघतो ती प्रतीची प्रत. नायट्रेटनंतरची अॅसिटेट फिल्म पेटत नाही, ती कुजते. दमट हवेत डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र दर्प येतो. फिल्म आकसते, लहरते, मग यंत्रात चढत नाही, आणि एका डब्याची लागण शेजारच्या डब्याला होते. मुंबईच्या हवेत गोदामात ठेवलेल्या निगेटिव्हचे काय होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

दुसरा आक्षेप आजच्या पिढीचा: आता सगळे यूट्यूबवर आहे. आहे खरे, पण काय आहे? जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली, कडा कापलेली, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का असलेली प्रत. तिच्यावरून कथा कळते, गाणी ऐकता येतात. छायालेखकाने सावलीत काय ठेवले होते ते कळत नाही. आणि डिजिटल म्हणजे अमर, हा तर निव्वळ भ्रम. डब्यातली फिल्म पन्नास वर्षांनी उजेडाकडे धरली तरी चित्र दिसते. हार्ड डिस्क दहा वर्षे कपाटात राहिली तर ती चालू होईलच याची खात्री नाही. थिएटरला जाणारी डिजिटल प्रत कुलूपबंद असते, तिच्या किल्लीची मुदत संपते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतला मराठी चित्रपट, ज्याचे आपण नवी लाट म्हणून कौतुक केले, जवळजवळ सगळाच डिजिटल आहे. पुढचा ‘सावकारी पाश’ त्यातूनच निघण्याची भीती अधिक.

मग सध्या जे चालले आहे ते पुरेसे नाही का? चित्र आशादायक आहे, हे मान्य करायला हवे. केंद्राच्या चित्रपट वारसा मोहिमेत बावीसशे चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा २०२२ मध्ये झाली. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिलेला बेनेगलांचा ‘मंथन’ नव्याने घडवला आणि २०२४ मध्ये तो कानला दाखवला गेला. पण ते शक्य का झाले? मूळ निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होती आणि आवाजासाठी फाउंडेशनकडे प्रिंट होती. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळली. दुरुस्त होण्यासारखे काही नाही, असा तेव्हाचा निर्वाळा होता, तरी ते तुकडे फेकले गेले नाहीत. वीसेक वर्षांनी बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्यांना पुन्हा लवचीक करून चौकटी मिळवल्या. पुनरुज्जीवनाला समारंभ मिळतो, लाल गालिचा मिळतो. साठवणीला फक्त विजेचे बिल येते. तरीही दोन्हींत आधी पैसा कुठे घालायचा असे विचारले, तर माझे उत्तर विजेचे बिल हेच आहे. थंड, कोरडी खोली आणि नीट केलेली नोंद एवढे असेल, तर बाकीचे पुढची पिढी तिच्या तंत्राने करील.

पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, असा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. चित्रपटाला तो लागू नाही. तसा केंद्रीय कायदा कधी होईल ते होवो, महाराष्ट्राला थांबण्याचे कारण नाही. मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देते. चित्रपटाची कुलूप नसलेली पूर्ण प्रत, वेगळा ध्वनी, पटकथा आणि पोस्टर संग्रहात जमा केल्याची पावती पाहिल्याशिवाय त्याचा अखेरचा हप्ता देऊ नये. आणि जुन्या निर्मात्यांच्या, छायालेखकांच्या, थिएटरमालकांच्या वारसांना एक विनंती: माळ्यावर गंजलेले डबे असतील तर ते भंगारवाल्याला देऊ नका, उन्हात ठेवू नका, घरी उलगडून बघण्याचा मोहही टाळा. डब्यावरचे लेबल तेवढे उतरवून घ्या आणि संग्रहालयाला कळवा.