पुष्कळांचे सुख आणि जासईची जमीन

नीतिशास्त्राची सोपी पुस्तके वाचताना आम्हाला एक अडचण नेहमी येते. व्याख्या कळतात, उदाहरणे मात्र परक्या गावची असतात. वामन मल्हार जोशी तर आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या तळ्याचे. 1919 साली 'नीतिशास्त्र-प्रवेश' लिहून त्यांनी हा विषय मराठी वाचकाच्या दारी आणला. तरी आमच्या मते नीतिविचारात शिरायला त्यांची 'सुशीलेचा देव' (1930) ही कादंबरीच अधिक सोयीची. तिथे देवाची कल्पना सुशीलेच्या जगण्याबरोबर बदलत जाते; व्याख्या पाठ करावी लागत नाही. इमाम गझालींनीही अरबीतला थोर 'इह्या' लिहून झाल्यावर सामान्यांसाठी फारसीत 'कीमिया-ए-सआदत' लिहिलाच ना!

आता 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' हे तत्त्व जासईत बसून वाचावे. नवी मुंबई लाखोंसाठी व्हायची होती, जमीन 95 गावांची जाणार होती. बेरीज बरोबर येते. पण 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी याच परिसरात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्यांचे पुढारी दि. बा. पाटील जासईचेच. मागणी होती रास्त मोबदल्याची. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले, म्हणजे बेरजेत काहीतरी सुटले होते. माणसाला नुसते साधन मानू नये, हे कांटचे म्हणणे पुस्तकातून मुलांना उमगले नव्हते. या हकीकतीने उमगले.

वर्गात एकाने विचारले, "सर, मग साडेबाराच का?" आमच्या कपाटातल्या एकाही प्रवेशिकेत याचे उत्तर सापडले नाही.