'दक्षिण आशियाई' : एका संज्ञेची चिकित्सा

परदेशस्थ उपखंडीयांच्या हृद्रोगावरील वैद्यकीय वाङ्मयात 'दक्षिण आशियाई' ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिचा नेमका अर्थ विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. १९९१ साली मॅकीग, शाह व मार्मट यांनी लंडनमधील पाहणीवरून पोटाभोवतीचा मेद, इन्शुलिनला होणारा शरीराचा अवरोध आणि हृद्रोगाचा धोका यांचा संबंध दाखविला. शोध मोलाचा खरा. परंतु पुढील लेखनात तो धोका जणू त्या नावाचाच गुणधर्म होऊन बसला.

राज भोपाल व सहकारी यांचा न्यूकॅसल येथील १९९९ चा अभ्यास या समजुतीस तडा देतो. तेथील बांगलादेशी पुरुषांत धूम्रपान करणारे शेकडा ५७, तर भारतीयांत शेकडा १४. उलट रक्तदाब मात्र बांगलादेशीयांतच सर्वांत कमी! अशांची सरासरी काढून जो 'दक्षिण आशियाई' सिद्ध होतो, तो न्यूकॅसलच्या कोणत्याच घरात सापडावयाचा नाही.

वर्गनामास कारण मानण्याचा हा प्रमाद आम्हां भाषाभ्यासकांना अपरिचित नाही. 'आर्य' या भाषावाचक नावावरून वंश कल्पिला गेला, त्यास मॅक्स म्यूलर यांनी १८८८ मध्येच हरकत घेतली होती.

ब्रिटनमधील २००८ च्या 'क्यूरिस्क-२' या धोकामापन-पद्धतीने भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी हे रकाने वेगळे केले. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल-मार्गदर्शिकेने मात्र दक्षिण आशियाई वंश हाच एक धोकावर्धक घटक म्हणून नोंदविला. मराठी, तमिळ आणि सिल्हेटी एकाच रकान्यात.