पूर्वपक्षाची उपेक्षा

बालविवाहापासून कापसाच्या भावापर्यंत महाराष्ट्रांत असा एकहि सामाजिक वा आर्थिक प्रश्न झाला नाहीं, कीं ज्यावर दोन पक्ष पडले नाहींत आणि दोन्ही पक्षांस समर्थ वकील लाभले नाहींत. या वकिलांनीं काय सांगितलें याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. त्यांनीं तें कसें सांगितलें, याची चिकित्सा मात्र फारशी होत नाहीं. वाङ्मयाचा टीकाकार कवितेंतील अलंकार तपासतो. पण ज्या लेखांवरून आणि भाषणांवरून हजारों कुटुंबें आपलें पीक, आपलें कर्ज आणि आपलें मत ठरवितात, त्यांच्या युक्तिवादाची घडण तपासणें हें आपलें काम आहे असें त्यास वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत तें काम थोडेंसें करून पाहण्याचा आमचा विचार आहे. कोणता पक्ष खरा व कोणता खोटा, हा निवाडा देण्याचा येथें हेतु नाहीं, हें वाचकांनीं प्रथमच लक्षांत घ्यावें.

न्यायसूत्रकार गौतमानें चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें तेवढें खोडून काढावयाचें, ती वितंडा. आपला सिद्धांत सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें, त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडावयाचें, अशी आमच्या जुन्या शास्त्रकारांची रीत असे. ही केवळ सभ्यता नव्हे. अर्थकारणांत तर या रीतीस मोठा व्यावहारिक अर्थ आहे. कोणतीहि योजना घेतली तरी तिचा लाभ कोणास तरी होतो आणि तिचा भार कोणावर तरी पडतो. योजनेचा वकील लाभ सांगतो. भार दाखवितो तो प्रतिपक्षी. तेव्हां पूर्वपक्ष म्हणजे आपल्याच योजनेचा खर्च, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला. तो जो गाळतो, तो वहींत जमेची बाजू तेवढी भरतो आणि नांवेची बाजू कोरी ठेवतो.

हा खर्च शेवटीं कोण भरतो, हें पाहावयाचें असल्यास शहरांतील व्याख्यानगृह सोडून बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावर, लोणार तालुक्यांतील सुलतानपुरासारख्या गांवाकडे दृष्टि वळवावी लागते. सोयाबीन, तूर व कापूस हीं या भागांतील पिकें. पाऊस वेळेवर आला तर वर्ष साधतें, नाहीं तर कर्ज वाढतें. अशा गांवांतील एखादें दोन-चार एकरांचें कुटुंब सोयाबीन विकतें आणि त्याच सोयाबीनचें तेल दुकानांतून विकत आणतें; तें निंदणीच्या वेळीं मजूर लावतें आणि आपलें काम सरलें कीं दुसऱ्याच्या शेतांत मजुरीस जातें. ‘उत्पादक’, ‘ग्राहक’ आणि ‘मजूर’ असे जे तीन निरनिराळे मनुष्य पुस्तकांत भेटतात, ते येथें पुष्कळदां एकाच चुलीभोवतीं बसलेले असतात. यास्तव सुलतानपूर ही आम्ही या लेखापुरती कसोटी मानली आहे.

प्रथम चांगलीं उदाहरणें पाहूं. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत न्यायमूर्ति रानडे यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. खुल्या व्यापाराचें इंग्रजी शास्त्र या देशास जसेंच्या तसें लागू करूं नये, हा त्यांचा सिद्धांत. पण आरंभींच त्यांनीं त्या शास्त्राचीं गृहीतकें ओळीनें मांडलीं: मनुष्य स्वहितानेंच चालतो, स्पर्धा मोकळी असते, भांडवल व मजूर जेथें लाभ तेथें जाऊं शकतात, इत्यादि. मग हीं गृहीतकें या समाजांत कोठवर खरीं आहेत, हा प्रश्न त्यांनीं केला. इंग्रज पंडितासहि आपलें म्हणणें रानड्यांनीं विकृत केलें असें म्हणण्यास जागा राहिली नाहीं. त्यांच्या सिद्धांताशीं ज्याचें पटत नाहीं, त्यालाहि मतभेद नेमका कोणत्या गृहीतकावर आहे हें बोट ठेवून दाखवितां येतें.

दुसरें उदाहरण डॉ. आंबेडकर यांचें. हिंदुस्थानांतील लहान शेतांवरील त्यांचा निबंध १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेती बुडाली, सबब तुकडे एकत्र करावे व शेतें मोठीं करावीं, असें त्या वेळचे जाणते म्हणत. आंबेडकरांनीं त्या जाणत्यांच्या व्याख्या एकेक घेऊन तपासल्या आणि दाखविलें कीं, शेत लहान कीं मोठें हें नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाहीं. त्यावर लागणारें भांडवल, अवजारें व माणसें यांच्याशीं त्याचें प्रमाण काय, यावरून ठरतें. जमिनीवर माणसांचा भार अधिक झाला आहे. तो उद्योगधंद्यांनीं हलका केल्यावांचून तुकडे जोडून कांहीं साधणार नाहीं. प्रतिपक्षाचें म्हणणें त्यांनीं अर्धेंमुर्धें सांगितलें असतें, तर हा मुद्दा त्यांस सुचलाच नसता. पूर्वपक्षानें सिद्धांतास धार येते, ती अशी.

परंतु पूर्वपक्ष दोन्हीकडून मांडला जाऊनहि एक वाण राहूं शकते. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला आणि विवाहित मुलीचें संमतिवय दहावरून बारा झालें. समाजानें आपली सुधारणा आपण करावी, परक्या सरकारनें त्यांत हात घालूं नये, असें टिळकांचें म्हणणें. समाज ती करीत नसेल तर कायदा हवा, असें आगरकरांचें. न्यू इंग्लिश स्कूल व ‘केसरी’ यांच्या उभारणींत दोघांनीं खांद्यास खांदा लावलेला असल्यानें एकमेकांचा पक्ष त्यांस पुरता ठाऊक होता. तथापि ज्या मुलीच्या देहावर हा वाद चालला होता तिची साक्ष कोणी घेतली? १८८५ सालीं रखमाबाईंनीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत टोपणनांवानें पत्रें लिहून बालविवाहाचा भार स्वतः भोगणाऱ्या स्त्रीचें म्हणणें मांडलें होतें. पण अशी साक्ष हा अपवादच होता. तेव्हां पूर्वपक्षांत प्रतिपक्षी वकिलाचें म्हणणें येणें पुरेसें नाहीं; जो भार वाहतो त्याचें म्हणणें त्यांत आलें पाहिजे. ही गोष्ट आजच्या शेतीच्या वादांसहि लागू आहे.

गेल्या अर्धशतकांतील मराठी आर्थिक वादांत शरद जोशी यांच्याइतका प्रभावी वकील दुसरा दाखवितां येणार नाहीं. स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपालसंघाची नोकरी सोडून त्यांनीं चाकणजवळ आंबेठाण येथें शेती केली, तिचा जमाखर्च मांडला आणि सरकारी धोरणच शेतमालाचा भाव खर्चाखालीं दडपतें, हा निष्कर्ष काढला. १९८० च्या कांदा-आंदोलनानें तो घरोघर पोंचविला. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ हें त्यांचें रूपक सर्वतोमुखीं झालें. रूपक मोठें समर्पक होतें. परंतु रूपक हें प्रमाण नव्हे. या ‘भारतां’त सुलतानपूरचा जमीनवाला आहे, तसा भूमिहीनहि आहे; भाव वाढला तर पहिल्याचें उत्पन्न वाढतें, दुसऱ्याचें धान्य महागतें. ही सधन शेतकऱ्यांची चळवळ आहे, असा डाव्या टीकाकारांचा आक्षेप होता. जोशींनीं त्यास उत्तर दिलें कीं, शेतास भाव मिळाल्यावांचून मजुरास मजुरी वाढून मिळणार नाहीं. उत्तर बरोबर असो वा नसो, तें दिलें गेलें, हें महत्त्वाचें. पुढें झालें असें कीं, अनुयायांच्या भाषणांत रूपक राहिलें आणि उत्तर गळालें. तथापि १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली, आणि शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नांवें करावा असें जोशींनीं स्वतःच्याच अनुयायांस सांगितलें, याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं. आपल्या तत्त्वाचा खर्च आपल्याच पक्षानें प्रथम भरावा, असें म्हणणारा वकील विरळा.

सरकारी संरक्षणाच्या वकिलांची वहीहि तपासली पाहिजे. महाराष्ट्रांत १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या तावडींतून शेतकरी सुटेल आणि त्यास निश्चित भाव मिळेल, ही जमेची बाजू खरी होती. परंतु बाहेर भाव चढला कीं इथला कापूस सीमा ओलांडून परराज्यांत जाई, आणि बाहेर उतरला कीं सरकारी केंद्रांवर गर्दी होई. तोटा आला कीं तो सरकारी तिजोरीवर, म्हणजे कधीं कापूस न पिकविणाऱ्यांवरहि पडे. असें होईल हें आरंभींच सांगून त्याची तरतूद मागितली असती, तर वाद सरळ झाला असता. तसें न होतां आक्षेप घेणारा तो व्यापाऱ्याचा मित्र, असें म्हणण्याचा प्रघात पडला.

आतां अगदीं अलीकडचा प्रश्न घेऊं. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतें. सप्टेंबर २०२४ मध्यें कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवर २० टक्के मूळ आयातशुल्क बसविण्यांत आलें. मे २०२५ अखेर तें १० टक्क्यांवर आणलें गेलें. शुल्क वाढलें तेव्हां शेतकऱ्याचा कैवार सांगितला गेला, घटलें तेव्हां गृहिणीचा. १८४६ सालीं इंग्लंडांत धान्यावरील जकात उठली, तेव्हांहि स्वस्त भाकरी आणि शेतीचें रक्षण हे दोन पक्ष समोरासमोर होते. परंतु तेथें भाकरी खाणारा गिरणीकामगार आणि जमीनदार हे वर्ग तरी वेगळे होते. सुलतानपुरांत ते तसे नाहींत. २०२४ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये असतां बाजारांत तें त्याखालीं विकलें गेलें. विकणाऱ्याच्या घरांतील गृहिणीस तेल स्वस्त हवें होतें, हें खरेंच. पण पोत्यामागें गेलेले रुपये तेलाच्या पिशवींतून परत आले काय, हा हिशेब दोहोंपैकीं एकाहि वकिलानें तिच्यापुढें मांडलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

तणनाशकास दाद न देणाऱ्या कापसाच्या बियाण्याचा वाद याहून बोधप्रद आहे. या बियाण्यास सरकारी परवानगी नसतां जून २०१९ मध्यें अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेच्या लोकांनीं तें उघडपणें पेरून कायदेभंग केला. शेतकऱ्यास तंत्रज्ञानाचें स्वातंत्र्य हवें, मजूर मिळत नाहींत, निंदणीचा खर्च परवडत नाहीं, असा एक पक्ष. तणनाशकानें माती, पाणी व आरोग्य यांस अपाय होतो, असा दुसरा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण पहिला पक्ष ज्यास ‘निंदणीचा खर्च’ म्हणतो, ती गांवांतील बाईची मजुरी असते. एकाच्या वहींत जी रक्कम नांवे पडते तीच दुसरीच्या वहींत जमा असते. हें बियाणें आलें तर तिनें काय करावें, याचें उत्तर पहिल्या पक्षानें दिलें पाहिजे. आणि न आलें तर उन्हांत वांकून, तुटपुंज्या रोजावर तिनें निंदणीच करीत राहावें काय, याचें उत्तर दुसऱ्यानें. १८९१ सालच्या मुलीप्रमाणें येथेंहि जिच्यावर भार पडावयाचा तिची साक्ष झालेली नाहीं.

सप्टेंबर २०२० मध्यें तीन कृषिकायदे झाले, तेव्हां जल्पानें कळस गांठला. समर्थक विरोधकांस दलालांचे हस्तक म्हणत, विरोधक समर्थकांस धनिकांचे हस्तक. वास्तविक पाहतां बिहारनें २००६ सालींच बाजारसमित्यांचा कायदा रद्द केला होता, आणि महाराष्ट्रानें २०१६ सालीं फळें-भाजीपाला समित्यांच्या नियमनांतून मोकळा केला होता. या दोन अनुभवांची तुलना हा खऱ्या वादाचा आरंभ ठरला असता. तो झाला नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें कायदे मागें घेतले गेले. एक पक्ष जिंकला, एक हरला, आणि शेतमालाच्या विक्रीचा मूळ प्रश्न होता तेथेंच राहिला. जल्पाचें फळ याहून निराळें नसतें.

येथें आमच्या म्हणण्यावरहि पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. कोणी म्हणेल: प्राध्यापकास वर्गांत पूर्वपक्ष परवडतो, हजारोंच्या सभेपुढें, लाठीच्या समोर उभा असलेला पुढारी प्रतिपक्षाचें म्हणणें सांगत बसला तर चळवळ उभी राहणार कशी? हा आक्षेप पोकळ नाहीं. खुद्द न्यायसूत्रांतच जल्प व वितंडा यांस काट्यांच्या कुंपणाची उपमा देऊन, कोंवळ्या अंकुरांच्या रक्षणापुरतीं तीं चालतात असें मान्य केलें आहे. आमचें उत्तर इतकेंच, कीं कुंपण शेतासाठीं असतें. सभेंत काटे दाखविले तरी त्यांच्या आंत कोठें तरी, पुस्तकांत, मासिकांत वा कार्यकर्त्यांच्या बैठकींत, पीक वाढत असलें पाहिजे. शरद जोशींच्या चळवळीमागें शेतीचा लिहिलेला हिशेब होता, म्हणून तिची दखल प्रतिपक्षासहि घ्यावी लागली. आजच्या पुष्कळ वकिलांचें कुंपण दर वर्षीं उंच होत आहे, आंतील जमीन मात्र पडीक आहे.

तेव्हां वाचकांस आमचें सांगणें आहे कीं, कोणताहि आर्थिक लेख हातीं घेतांना लेखक कोणत्या पक्षाचा, हें विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. प्रतिपक्षाचें म्हणणें त्यानें अशा रीतीनें सांगितलें आहे काय, कीं प्रतिपक्षी तें वाचून ‘होय, हें माझेंच म्हणणें’ असें म्हणेल? आपल्या योजनेचा भार कोणावर पडेल, हें त्यानें स्वतः सांगितलें आहे काय? आणि त्या भार वाहणाऱ्याचें म्हणणें त्यानें ऐकलें आहे काय? या तीन प्रश्नांस उतरणारा लेख आपल्या मताविरुद्ध असला तरी जपून ठेवावा, आणि न उतरणारा आपल्या मताचा असला तरी बाजूस सारावा. सुशिक्षित घरांतून हे प्रश्न नित्य विचारले जाऊं लागले, तर लेखकांस त्यांचीं उत्तरें द्यावींच लागतील. सुलतानपूरच्या कुटुंबास कोणत्या पक्षाचा जय झाला याचें सोयरसुतक फारसें नाहीं. आपल्या वहींत काय नांवे पडणार आहे, हें पेरणीपूर्वीं कळावें, एवढीच त्याची अपेक्षा आहे, आणि ती वाजवी आहे.