आत्जेचे पॅरिस : दारांची नोंद आणि माणसांची

पायी हिंडून शहर पाहणारे पुष्कळ असतात. तीस वर्षे एकाच शहराच्या गल्ल्या कॅमेरा वाहून तुडवणारा मात्र विरळा. यूजेन आत्जे (१८५७-१९२७) हा फ्रेंच छायाचित्रकार तसा होता. आधी खलाशी, मग फिरत्या नाटक मंडळीतला नट, आणि चाळिशीच्या सुमारास जुन्या पॅरिसची छायाचित्रे चित्रकारांना व ग्रंथालयांना विकणारा गरीब व्यावसायिक. ओस्मान या अधिकाऱ्याने १८५३ पासून जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले होते. त्यातून जे वाचले, ते आत्जे टिपत गेला. अवजड लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा, एवढेच त्याचे साधन.

त्याच्या गल्ल्या बहुधा निर्मनुष्य दिसतात. गुन्हा घडलेल्या जागेशी त्यांची केली जाणारी तुलना जर्मन समीक्षक वाल्टर बेन्यामिन याने १९३१ साली उचलून धरली व पुढे ती रूढच झाली. मला ती पटत नाही. पहाटेची वेळ आणि सावकाश प्रकाश टिपणारी काच यांमुळे चालती माणसे चित्रात उमटतच नाहीत. शिवाय ती चित्रे निरखून पाहावीत : पायऱ्या झिजलेल्या आहेत, झडपा अर्धवट उघड्या आहेत, हातगाडी भिंतीला टेकलेली आहे. १९०८ च्या एका मद्यगृहाच्या चित्रात दाराच्या काचेमागे एक चेहरा आहे आणि त्याच काचेत कॅमेऱ्यासह खुद्द आत्जेचे प्रतिबिंब. याला ओसाड कसे म्हणावे?

माझा आक्षेप वेगळा आहे. नगराच्या तटाबाहेर राहणाऱ्या चिंध्या वेचणाऱ्यांची चित्रे त्याने १९१३ च्या सुमारास एका संग्रहात बांधली. झोपड्यांपुढे ती माणसे उभी आहेत, थेट आपल्याकडे पाहत आहेत. हे त्याचे सर्वांत धीट काम. पण चित्राखाली वेशीचे नाव आहे, धंद्याचे नाव आहे, माणसाचे नाही. एखाद्या वाड्याच्या दाराचा पत्ता रस्ता व क्रमांकासह लिहिणाऱ्या हाताला एवढे जड का व्हावे? गिऱ्हाइकाला इमारती हव्या होत्या, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. (धर्मग्रामात घरभेटीला निघालो की मलाही ओटे ओळखता येतात आणि ओट्यावरच्या आजीचे नाव विचारावे लागते, तेव्हा हा आक्षेप मी जपूनच घेतो.)

तरीही ते डोळे आज आपल्यापर्यंत पोहोचतात, ते या फिरस्त्यामुळेच. स्वतःला कलावंत म्हणवून घेण्याची त्याला हौस नव्हती. १९२६ साली एका नियतकालिकाने त्याची चित्रे छापली, तेव्हा ही केवळ नोंदीची कागदपत्रे आहेत, असे सांगून त्याने आपले नाव घालू दिले नाही. त्याचा ठेवा पुढे बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने जतन केला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेला. १९२७ मध्ये तिने त्याचे छायाचित्र घेतले होते. ते दाखवायला ती त्याच्या घरी गेली, तेव्हा म्हातारा वारला होता. त्या चित्रात तो ओव्हरकोट घालून, किंचित वाकून बसला आहे. या चित्राखाली मात्र माणसाचे नाव आहे.